बारा जणींचे पत्र आणि भवानी पेठेतील घर

मी, बसलिंगप्पा धुळाप्पा हलकुडे, वय वर्षे चौऱ्याहत्तर, निवृत्त शारीरिक शिक्षण शिक्षक, राहणार भवानी पेठ, सोलापूर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहून ठेवत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. शेजारचे डॉक्टर अमृत यांनी आजचा वार, माझ्या नातीचे नाव आणि सतराचा पाढा विचारून तशी खात्री करून घेतली आहे. माझ्यावर कोणाचे दडपण नाही. दडपण आणू शकेल अशी एकच व्यक्ती होती, माझी पत्नी रत्नम्मा, आणि ती चार वर्षांपूर्वी गेली. वकिलांनी छापील नमुना दिला होता. त्यात मिळकतीला जागा होती, कारणांना नव्हती. म्हणून तो बाजूला ठेवला.

कलम १. सन २०१० साली मी एक मृत्युपत्र केले होते, ते याद्वारे रद्द समजावे. त्यात मी हे घर चौफेर क्रीडा मंडळाला 'प्रमुख प्रशिक्षकाचे निवासस्थान' म्हणून दिले होते आणि दारावर माझ्या नावाची संगमरवरी पाटी लावावी असे लिहिले होते. पाटीचा मजकूरही मीच तयार केला होता. तो वाचून आता मला घाम फुटतो.

कलम २. अक्कलकोट तालुक्यातील तीन एकर जमीन मी माझ्या पगारातून घेतली, ती स्वकष्टार्जित आहे. ती जमीन, बँकेतील ठेवी आणि या घराचा वरचा मजला माझा मुलगा प्रभुलिंग यास मिळावा. रत्नम्माचे दागिने सूनबाई दानेश्वरी हिला मिळावेत. खालच्या मजल्याची व्यवस्था मी निराळी केली आहे. प्रभुलिंगला ती सांगितली तेव्हा तो पुण्याहून फोनवर म्हणाला, आई असती तर तिने वरचा मजलासुद्धा द्यायला लावला असता. त्याची हरकत नाही असा त्याचा अर्थ मी घेतला आहे.

कलम ३. खालचा मजला कोणाला आणि का, हे समजण्यासाठी मागचे सांगावे लागेल. वाचणाऱ्याने कंटाळू नये. चौफेर मंडळ मी आणि माझा शाळासोबती श्रीमंत, आम्ही दोघांनी १९८४ साली सुरू केले. मुलींचा खो-खो संघ हे त्याचे मुख्य काम. श्रीमंत सचिव झाला, मी प्रशिक्षक. सत्तावीस वर्षे मी संघ घडवला. एकतीस ढाली आणल्या. मुली मोडनिंबहून, अक्कलकोटहून एसटीने यायच्या, काही शहरातल्या विणकर घरांतल्या होत्या. पहाटे साडेपाचला मैदानावर चुन्याच्या रेषा मीच मारायचो, रेष वाकडी आलेली मला खपत नसे.

मुलीही वाकड्या खपत नसत. माझ्या सरावात कोणी बोलायचे नाही. संघ मी निवडायचो आणि स्पर्धेच्या आदल्या संध्याकाळी फळ्यावर यादी लावायचो. आपण संघात आहोत की नाही हे मुलींना पिशवी भरून आल्यावर कळायचे. बाहेरगावी जाताना सोबत एकही बाई नसायची. जाणारे सगळे आम्ही पुरुष, मी आणि कार्यकारिणीतले दोघे-तिघे. मुलींना काही अडचण आली तर त्या कोणाला सांगत असतील, हा प्रश्न सत्तावीस वर्षांत माझ्या डोक्यात आला नाही. मी वाईट माणूस होतो असे मला वाटत नाही. मी न विचारणारा माणूस होतो.

कलम ४. जानेवारी २०११ मध्ये सांगली जिल्ह्यात एका निमंत्रित स्पर्धेत आमचा उपांत्य सामना होता. महेश्वरी बोद्धूल ही माझी सर्वांत चपळ खेळाडू. खांबाजवळ सूर मारून गडी बाद करावा तर तिनेच. वडील टॉवेलच्या कारखान्यात मागावर होते. सामन्याआधी ती माझ्याकडे आली आणि म्हणाली की सर, उजवा गुडघा सुजलाय, पाय टेकवत नाही. मी गुडघ्याकडे पाहिले. सूज मला दिसली होती. मी औषधाचा फवारा मारला, पट्टी आवळली आणि विचारले, "खांबापर्यंत जाशील ना?" ती हो म्हणाली, कारण नाही म्हणायची तिला मी सवयच लावली नव्हती.

दुसऱ्या डावात तिने सूर मारला, गडी बाद केला, आणि उठली नाही. आम्ही दोन गुणांनी जिंकलो. गुडघ्याचा सांधा धरून ठेवणारा अस्थिबंध तुटला होता. ती पुन्हा कधी खेळली नाही. सोलापुरात माझा सत्कार झाला. महेश्वरीच्या घरी मी गेलो नाही. आज जातो, उद्या जातो, असे करत वर्ष गेले.

कलम ५. एप्रिलमध्ये संघाने मंडळाला पत्र दिले. वहीचा रेघी कागद, अक्षर सुरेख. मागण्या चार होत्या. संघाची यादी पंधरा दिवस आधी लावावी. बाहेरगावी सोबत एक महिला व्यवस्थापक असावी. दुखापत झालेली मुलगी खेळेल की नाही हे डॉक्टरांनी ठरवावे, प्रशिक्षकाने नाही. आणि कार्यकारिणीच्या बैठकीत दोन खेळाडू असाव्यात. खाली बारा सह्या होत्या आणि त्या गोलात केल्या होत्या, कोण पहिली हे कळू नये म्हणून. त्यांत एक सही महेश्वरीची. ती संघातून बाहेर पडली होती, तरी त्यांनी तिला बाहेर काढले नव्हते. श्रीमंतने तो कागद चारी बाजूंनी फिरवून पाहिला आणि म्हणाला, "यात मुख्य कोण, तेच कळेना." आज मला त्या गोलाचे फार कौतुक वाटते. त्या दिवशी मला फक्त राग आला.

कार्यकारिणीने उत्तर दिले नाही. उलट मे महिन्यात मला आणखी तीन वर्षांसाठी प्रशिक्षक नेमले. मी नको म्हणालो नाही. जूनच्या एक तारखेला मी नेहमीप्रमाणे रेषा मारल्या. सहा वाजले, सात वाजले. कोणी आले नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. आठव्या दिवशी मी रेषा मारायचे थांबवले.

घरी रत्नम्मा त्यांच्या बाजूने होती. ती मला कन्नडमध्ये 'री' म्हणून हाक मारायची, म्हणजे अहो. त्या दिवसांत तिने तेही बंद केले. मैदानावर येणे सोडल्यावर मुली एका देवळाच्या आवारात आपापला सराव करत. बारा जणींना पुरतील एवढ्या ज्वारीच्या भाकऱ्या आणि शेंगाचटणी घेऊन ही तिकडे जायची. मला ते कळले तेव्हा मी विचारले, हे काय चाललंय? ती म्हणाली, पोरी उपाशी पळतात, एवढं तरी चालू दे.

कलम ६. नोव्हेंबरमध्ये श्रीमंतने आणि मी शाळकरी मुलींचा दुसरा संघ उभा केला आणि स्पर्धेला नेला. चौदा-पंधरा वर्षांच्या मुली त्या. आम्ही एक डाव आणि अकरा गुणांनी हरलो. पण मला लिहायचे आहे ते मध्यंतराविषयी. त्या बाराही जणी स्वतःच्या खर्चाने तो सामना पाहायला आल्या होत्या. मला वाटले, हसायला आल्या. मध्यंतर झाले आणि कर्णधार अपेक्षा गिड्डे कुंपण ओलांडून सरळ आमच्या मुलींत येऊन बसली. एक मुलगी रडत होती. तिला पाणी दिले, तिच्या बुटाची नाडी बांधली आणि समोरची धावपटू कोणत्या बाजूने फसवते हे जमिनीवर बोटाने काढून दाखवले. मी जवळ जाऊन म्हणालो की तुझा इथे काय संबंध?

ती उठून उभी राहिली. "सर, आमचं भांडन तुमच्याशी हाय. ह्या पोरींनी काय केलंय? त्यांना एकट्या सोडू नका की."

ती एकवीस वर्षांची होती. मोडनिंबच्या कोंडीबा गिड्डे या शेतकऱ्याची मुलगी. मी तिला सात वर्षे शिकवले होते, आणि हे मी शिकवलेले नव्हते.

डिसेंबरमध्ये तिला एका कंपनीच्या संघाने बोलावले. नोकरीसह. त्यासाठी आमच्या मंडळाचे ना-हरकत पत्र हवे होते आणि त्याला मुदत होती. बाकीच्या अकरा जणींनीही दुसरीकडे खेळण्यासाठी तशीच पत्रे मागितली होती. महेश्वरी खेळणार नव्हती, तरी तिचे पत्रही त्यांत होते. श्रीमंतने ती सगळी अडवली. मग अपेक्षाला एकटीला कार्यालयात बोलावले. मी खुर्चीवर होतो. टेबलावर तिचे पत्र तयार होते, शिक्क्यासह. त्याने सांगितले की मागण्या मागे घेतल्याचे दोन ओळींत लिहून दे आणि हे घेऊन जा.

तिने पत्र उचलून पूर्ण वाचले. मग विचारले, "बाकीच्या अकरा जणींची कुटं हायत?"

श्रीमंत म्हणाला, त्यांचं नंतर बघू.

"मग माझंबी ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. पत्र होते तसे ठेवले, आम्हा दोघांनाही वाकून नमस्कार केला आणि एसटी गाठायला निघून गेली. मुदत संपली आणि ती नोकरी दुसरीला मिळाली. मी त्या वेळी साठ वर्षांचा होतो आणि माझ्या आयुष्यात असा एकही कागद टेबलावर ठेवून मी उठलो नव्हतो. खुर्चीत बसून मी हेही पाहिले की त्या पत्राखाली सही माझी होती. म्हणजे पत्रे माझ्याच सहीने निघत, आणि थांबवणाऱ्यांत मीही होतो.

कलम ७. फेब्रुवारी २०१२ मध्ये रत्नम्मा म्हणाली, "तुमच्या ढाली मी इतकी वर्षं पुसल्या. आज तुम्ही त्या पोरीच्या घरी जाऊन या, नाहीतर उद्यापासून पुसणार नाही." मी गेलो. महेश्वरीच्या वडिलांनी खुर्ची पुसून दिली आणि तेलुगूत आत काहीतरी सांगितले. महेश्वरी कुबडी घेऊन बाहेर आली आणि तिनेच चहा आणला. मी तिला विचारले की तुमच्या पत्रात तुझ्या गुडघ्याचा उल्लेख का नाही? तोच सर्वांत मोठा मुद्दा होता. वर्तमानपत्राने तो पहिल्या पानावर छापला असता आणि मंडळ आठवड्यात नमले असते.

ती म्हणाली की पहिल्या कागदावर तो पहिलाच मुद्दा होता. सगळ्यांना तो हवा होता. तिनेच खोडायला लावला.

"तुमचं नाव घालवून माझा गुडघा येणार नव्हता, सर. पुढच्या पोरीचा वाचला पाहिजे, एवढंच आम्हाला पाहिजे होतं."

घरी येताना मी भवानी पेठेऐवजी दुसऱ्याच रस्त्याला लागलो होतो.

चार दिवसांनी बैठक होती. बारा ना-हरकत पत्रांवर सह्या करून मी गेलो आणि श्रीमंतसमोर ठेवली. म्हणालो, शिक्का मार, आणि चारही मागण्या मान्य कर. माझा राजीनामा सोबत आहे. तो फार दुखावला. म्हणाला, एवढ्या वर्षांत आपण उभं केलेलं पोरींच्या हातात द्यायचं? मी म्हणालो, पळत त्या होत्या, आपण खुर्चीवर होतो. त्याने शिक्के मारले, पण माझ्याकडे न बघता.

बारापैकी सात जणी मंडळात परत आल्या. बाकीच्यांपैकी काहींची लग्ने झाली, एक शिक्षणासाठी गेली. शिवबाई नावाची एक जुनी खेळाडू प्रशिक्षक झाली. त्या वर्षी संघ उपांत्य फेरीत हरला आणि यादी पंधरा दिवस आधी फळ्यावर लागली होती. पुढे आणखी दोन मंडळांच्या मुलींनी त्याच चार मागण्या लिहून दिल्या आणि मिळवल्या. अपेक्षा आज मोडनिंबजवळच्या शाळेत शिक्षिका आहे आणि मुलींचा संघ चालवते. महेश्वरी नवी पेठेत एका माळ्यावर खेळाडूंचे गणवेश शिवते. जिना चढायला तिला त्रास होतो, ते मी पाहिले आहे.

आता एक खोटे दुरुस्त करतो. माझ्या राजीनाम्यात 'प्रकृतीच्या कारणास्तव' असे लिहिले होते. माझी प्रकृती ठणठणीत होती. मी गेलो कारण बारा मुली बरोबर होत्या आणि मी चूक होतो. सुजलेला गुडघा पाहूनही मी महेश्वरीला खेळवले. या मृत्युपत्राद्वारे मी तिची आणि बाकीच्या अकरा जणींची माफी मागतो. तेरा वर्षांत तोंडाने मागण्याचे धैर्य मला झाले नाही.

कलम ८. त्यानुसार घराचा खालचा मजला बाहेरगावच्या खो-खो खेळाडू मुलींच्या राहण्यासाठी ठेवावा. रस्त्याकडची खोली, जिला पायरी नाही, ती महेश्वरी बोद्धूल हिला तिच्या गणवेशाच्या कामासाठी कायमची द्यावी. तिथे राहणाऱ्या मुलींनी लेखी तक्रार केल्यास तिला बेशिस्त म्हणू नये, आणि उत्तर पंधरा दिवसांच्या आत द्यावे. सरावाच्या माझ्या चौदा वह्या अपेक्षाला द्याव्यात. त्यांत खेळाविषयी जे आहे ते ठेवावे, मुलींविषयी मी मारलेले शेरे फाडून टाकावेत.

कलम ९. श्रीमंत यास मी माझ्या सत्कारात मिळालेल्या सव्वीस शाली देतो. त्या त्यानेच माझ्या खांद्यावर घातलेल्या आहेत. आमचे बोलणे बंद आहे, पण मैत्री संपली असे मी कुठे लिहून दिलेले नाही. माझा अंत्यविधी आमच्या लिंगायत रीतीप्रमाणे दफनाने व्हावा. श्रीमंतने अवश्य यावे, पुढे उभे राहावे, आणि भाषण करू नये.

कलम १०. या मृत्युपत्राची अंमलबजावणी करण्यासाठी मी एकट्या अपेक्षा गिड्डे हिला नेमले होते आणि मसुदा तिला पोस्टाने पाठवला होता. ती मागच्या बुधवारी तो घेऊन स्वतः आली. सवयीने तिने लाल पेनाने खुणा केल्या होत्या. मुलींच्या निवासाला मी रत्नम्माचे आणि माझे नाव दिले होते. माझे खोडले होते, रत्नम्माचे ठेवले होते. दुसरी खूण अशी की ती एकटी हे काम करणार नाही. अपेक्षा, महेश्वरी आणि तिथे राहणाऱ्या मुली दर वर्षी निवडतील ती एक खेळाडू, अशा तिघी मिळून करतील. दोन्ही दुरुस्त्या मला मान्य आहेत. त्याप्रमाणे हे कलम वाचावे.

तिसरी खूण कलम सातच्या शेवटच्या परिच्छेदावर होती. समासात प्रश्नचिन्ह. मी विचारले, यात काय चुकले?

ती म्हणाली, "चुकलं न्हाय, सर. पन हे आमी तुमी गेल्यावर ऐकायचं व्हय? तुमी हायसा की अजून."

मी म्हणालो की इतक्या जणी कुठे कुठे आहेत, आता कुठे जमणार. तिने फोन काढला.

कलम ११. काल रविवारी सकाळी अकरा वाजता या घराच्या खालच्या खोलीत आठ जणी आल्या. तिघी दूर असल्यामुळे फोनवर होत्या. एक दोन वर्षांपूर्वी वारली, तिचे नाव संस्कृती. तिच्या जागी तिची आई आली. मी उभा राहून कलम सात पहिल्यापासून वाचले. वाचताना दोनदा थांबावे लागले. वाचून झाल्यावर मला बसायचेही सुचेना. मग महेश्वरी उठली, माझ्यासाठी खुर्ची ओढली आणि म्हणाली, "झालं सर. आता बसा, चहा घेऊ." बाकीच्या सरकल्या आणि खुर्ची त्यांच्या गोलात आली.

म्हणून कळवण्यात येते की कलम सातमधील माफी मी हयातीतच मागितलेली आहे. माझ्या मागे जे वाटायचे आहे त्यात ती धरू नये.

हे मृत्युपत्र मी वाचून, समजून, दोन साक्षीदारांसमोर सही करून पूर्ण केले. यातून ज्यांना काही मिळते त्यांनी साक्षीदार होऊ नये, असा नियम मला अपेक्षाने सांगितला, म्हणून खालील दोघांना बोलावले आहे.

लिहून ठेवणार:
(सही) बसलिंगप्पा धुळाप्पा हलकुडे

साक्षीदार, ज्यांच्यासमोर वरील सही झाली:
१. (सही) डॉ. अमृत शिवशरण कोनापुरे, भवानी पेठ, सोलापूर
२. (सही) तिप्पण्णा मल्लप्पा उंबरजे, किराणा दुकानदार, भवानी पेठ, सोलापूर

स्थळ: सोलापूर
दिनांक: १७ नोव्हेंबर २०२५, सोमवार